उद्ध्वस्त लिहून पाहावं

हल्ली जो माणूस उत्तम फाउंटन पेनच्या शोधात असतो, त्याला सहसा लिहायचं काही नसतं. ज्यांना रोज पानंच्या पानं लिहावी लागतात, म्हणजे पंचनामा करणारे हवालदार, क्लासच्या नोट्स उतरवणारी मुलं, होमिओपॅथीचे डॉक्टर, ती मंडळी पाच-दहा रुपयांच्या बॉलपेनवर सुखी असतात. आणि तेही बहुधा दुसऱ्या कुणाचं तरी उचललेलं असतं. पेनच्या दुकानात काचेच्या काउंटरवर ओणवा झालेला दिसतो तो एक तर दिवसभर कीबोर्ड बडवणारा तरुण, ज्याचं हस्ताक्षर त्याच्या बायकोनंही अजून पाहिलेलं नाही. नाही तर नुकताच निवृत्त झालेला साहेब, ज्याच्या हाताखाली तीस-पस्तीस वर्षं दुसरे लोक लिहीत होते आणि तो फक्त सही करत होता.

आमचे साडू या दुसऱ्या वर्गातले. अकोल्याला असतात. निवृत्त झाल्यावर त्यांनी आत्मचरित्र लिहिणार असल्याचं जाहीर केलं. आत्मचरित्राचा सगळ्यांत परिणामकारक भाग हाच. पुस्तक कुणी वाचो न वाचो, घोषणा झाल्याबरोबर नातेवाईक एकदम गोड बोलू लागतात. मग घरात टेबल आलं, टेबलावर दिवा आला, पाठीला उशी आली. पेनसाठी मात्र ते अक्कांना, म्हणजे माझ्या मेहुणीला, घेऊन थेट पुण्याला आमच्याकडे आले, कारण माझ्या खणात पाच-सहा शाईपेनं आहेत आणि तेवढ्या भांडवलावर सासुरवाडीत मी त्या विषयातला अधिकारी समजला जातो.

“पेन नावाजलेल्या कंपनीचं पाहिजे,” चहाचा कप खाली ठेवायच्या आत त्यांनी बजावलं. “जुनं घराणं. ओरिजनल जर्मन, नाही तर ओरिजनल अमेरिकन. मधलंअधलं काही चालायचं नाही.”

आता घराण्याचं म्हणाल, तर पेनांच्या दुनियेत दारावरची पाटी एकाची आणि सातबारा भलत्याच्याच नावावर, अशी परिस्थिती आहे. जर्मन घ्यायचं तर लामी आठवतं. १९३० साली हायडेलबर्गला निघालेली कंपनी. २०२४ साली ती जपानच्या मित्सुबिशी पेन्सिलनं विकत घेतली. ही मित्सुबिशी मोटारवाली नव्हे, पेन्सिलवालीच. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, हे साडूंना पटवण्यात चहा गार झाला. अमेरिकन म्हणाल तर शेफर. आयोवा राज्यातलं फोर्ट मॅडिसन हे त्याचं मूळ गाव. २०२२ पासून ते बंगळुरूच्या विल्यम पेन या कंपनीकडे आहे, आणि ही विल्यम पेन नावाला साहेबी असली तरी भारतीय आहे. पार्कर आणि वॉटरमन ही एकेकाळची हाडवैरी घराणी आज न्यूवेल नावाच्या एकाच अमेरिकन मालकाच्या घरात नांदतात, आणि हा मालक स्वयंपाकघरातले डबेही विकतो. बरं, आपलं घरचं म्हणावं असं कॅम्लिन? दांडेकरांनी मुंबईत १९३१ साली शाईची पूड आणि वड्या विकायला सुरुवात केली, तेव्हा छाप घोड्याचा होता. उंट मागाहून आला. त्या उंटानं महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्यांची बोटं, खिसे आणि दप्तरं निळी केली. २०११ पासून त्याची वेसण जपानच्या कोकुयो कंपनीच्या हाती आहे.

हे सगळं साडूंनी गंभीरपणे ऐकून घेतलं. हयातभर फायली वाचलेला माणूस. म्हणाले, “म्हणजे सगळं फिरून जपान्यांकडेच जाऊन राहिलं की! मग मधे दलाल कशाला? सरळ मालकाकडेच जाऊ.”

इतकं स्वच्छ तर्कशास्त्र मला पेनांच्या बाबतीत आजवर ऐकायला मिळालं नव्हतं. आणि योगायोगानं ते बरोबरही होतं. पायलट १९१८ सालचं, प्लॅटिनम १९१९ सालचं. दोघंही शंभरी ओलांडून अजून उत्तम निबा घडवताहेत.

तरीही मला ठाऊक होतं, की साडूंच्या काळजात पार्कर रुतलेलं आहे. त्यांच्या पिढीत ते सगळ्यांच्याच काळजात असतं. सुटाच्या खिशाला ती बाणाची क्लिप दिसली, की लग्नाच्या फोटोत नवरदेव कोणता हे वेगळं सांगावं लागत नसे. पेन कुवेतहून येई, कुणाचा तरी मामेभाऊ ते आणी, आणि त्यात शाई न भरता ते कपाटात ठेवलं जाई. ज्यांचा मामेभाऊ कुवेतला नसे, ते शांघायचं हिरो घेत. तेही पार्कर ५१ च्याच धाटणीचं, निब घुंगटाआड लपवलेलं. गंमत म्हणजे या पार्कर घराण्याचा मूळपुरुष तारायंत्र शिकवणारा एक मास्तर होता. तो विद्यार्थ्यांना दुसऱ्या कंपनीची पेनं विकायचा. ती बिघडायची, आणि विकली म्हणून दुरुस्तही त्यालाच करून द्यावी लागायची. शेवटी कंटाळून त्यानं १८८८ साली स्वतःच पेनं काढायला घेतली. ‘पेन गळतंय हो मास्तर’ या एका तक्रारीवर केवढं साम्राज्य उभं राहिलं पाहा. पुढे नव्वदच्या दशकात दिल्लीच्या लक्झरनं पार्कर इथेच बनवायला घेतलं. ते कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात खोडरबराशेजारी लटकू लागलं, कुणालाही मिळू लागलं, आणि त्या दिवसापासून नवरदेवाच्या खिशातून ते उतरलं. ते वाईट झालं होतं म्हणून नव्हे. मामेभावाची गरज संपली म्हणून.

तर आम्ही अप्पा बळवंत चौकाच्या बाजूला निघालो. निघताना साडूंनी पिशवीत एक जाडजूड डायरी टाकली. चौकशी केली तेव्हा कळलं, की नोकरीच्या काळात दर जानेवारीत कंत्राटदार, बँका आणि विमा कंपन्या यांनी भेट दिलेल्या सगळ्या डायऱ्या त्यांनी जपून ठेवल्या आहेत. भिंतीतलं एक कपाट त्या डायऱ्यांनीच भरलं आहे. सगळ्या कोऱ्या. आत्मचरित्र त्यांतच लिहायचं होतं. ‘बालपण’ २००४ च्या डायरीत, ‘नोकरी’ २००९ ते २०१३, असा आराखडाही तयार होता.

मला हे ऐकून हसू आलं, पण थोड्याच वेळात ती डायरी सोबत असणं ही त्या दिवसातली सगळ्यांत शहाणपणाची गोष्ट ठरली. पेन घेताना लोक पेनकडे पाहतात. कागदाकडे कुणी पाहत नाही. दुकानदार जो चाचणीचा कागद पुढे सरकवतो तो गुळगुळीत, घट्ट, शाईला हातभर लांब ठेवणारा असतो. त्यावर सगळीच पेनं सुरेख चालतात. घरी येऊन तेच पेन फुकटच्या डायरीवर टेकवलं, की शाई चहूबाजूंनी फुटते, अक्षराला मिशा येतात आणि मागच्या पानावर न लिहिलेला मजकूर उमटतो. मग शिव्या पेनला. अशा कागदाला बारीक निब आणि जरा कोरडी, हात आखडून चालणारी शाई लागते. कोकणात तर जुलैमध्ये चांगला कागदसुद्धा हवा पिऊन बसलेला असतो. तिथं जाड निबेनं लिहिणं म्हणजे मजकूर पुढच्या पानाला दान करणं.

दुकानात पेन हातात आलं की मराठी माणूस दोनच गोष्टी लिहितो. आधी ‘श्री’, मग सही. ‘श्री’बद्दल माझी तक्रार नाही, देवाचं नाव आहे. पण सहीवरून पेनची पारख कशी व्हायची? सही हाताला इतकी पाठ असते, की आगपेटीच्या काडीनंही ती तशीच येईल. साडूंनी तर समोर ठेवलेल्या प्रत्येक पेननं सही केली, आणि प्रत्येक सहीखाली सवयीनं तारीखही टाकली. त्या कागदावर बघता बघता एक मंजूर झालेली फाइल तयार झाली. त्यातून दुकानात निब बाटलीत बुडवून लिहायला देतात. बुडवलेली निब वरून खालपर्यंत ओली असते, ती कुणाच्याही हातात झरझर चालते. पेनचं खरं रूप शाई आतून यायला लागल्यावर कळतं. निबेखाली जी काळी जीभ असते, तिच्यावरच्या बारीक खाचांमधून शाई खाली आणि हवा वर, असा दोन्ही बाजूंचा रहदारीचा रस्ता असतो. तो नीट असेल तर पेन लिहितं, नाही तर आपण ते झटकतो आणि समोरच्याचा सदरा लिहिला जातो.

“अण्णा,” मी साडूंना म्हटलं, “सही पुरे. ‘उद्ध्वस्त’ लिहा.”

“का? एवढं काय झालं?”

झालं काहीच नव्हतं. पण माझ्या मते मराठी माणसानं पेन घेताना हाच शब्द लिहून पाहावा. ‘लक्ष्मी’, ‘वैशिष्ट्य’, ‘स्वातंत्र्य’ हेही चालतील, पण ‘उद्ध्वस्त’ची सर नाही. निबेवर एफ, एम, बी अशी अक्षरं कोरलेली असतात. एफ म्हणजे बारीक, एम मध्यम, बी जाड. इंग्रजीतून सल्ला देणारे सगळे सांगतात, की पहिलं पेन एम घ्यावं, ते सुखात चालतं. त्यांचं बरोबर आहे. त्यांच्या लिपीत एका ओळीत सुटी सुटी, मोकळी अक्षरं फिरत असतात. आपल्याकडे एकाच्या पोटात दुसरं, त्याच्या पायाशी तिसरं, वर रफार, त्यावर अनुस्वार, खाली उकार. युरोपातल्या एम निबेनं ‘द्ध्व’ लिहिला, की तीन व्यंजनांचा मिळून एक ओला गोळा होतो आणि शब्द आपला अर्थ स्वतःवरच करून दाखवतो. जपान्यांची अडचण आपल्यासारखीच. त्यांनाही एवढ्याशा चौकटीत दहा-पंधरा फराटे कोंबायचे असतात, म्हणून त्यांची एफ निब जर्मनांच्या एफपेक्षा चांगलीच बारीक असते. जोडाक्षरांच्या बाबतीत आपलं खरं नातं टोकियोशी आहे. आणि स्टब नावाची ती कापलेल्या टोकाची निब, जिच्यानं रोमन अक्षर राजेशाही दिसतं, तिचा मोह तर आवरावाच. तिच्यानं काने जाडजूड येतात आणि शिरोरेषा केसासारखी बारीक. ज्या रेषेला सगळं अक्षर लटकायचं, तीच कुपोषित.

साडूंनी ‘उद्ध्वस्त’ लिहिलं. पहिल्या निबेनं झालं. दुसरीनं थोडं वाचलं. जपानी एफनं ते इतकं नीटनेटकं उमटलं, की दुकानदारानंही मान वाकवून पाहिलं.

इथून पुढे खरेदी सरळ व्हायला हवी होती. पण ‘सुरुवातीला चांगलं पेन’ म्हणून दुकानदारानं जी दोन पेनं काढली, त्यांनी घोटाळा केला. एक लामी सफारी. १९८० पासून चालत आलेलं, चिवट प्लास्टिकचं, ऑफिसातल्या टाचणीसारखी मोठी तारेची क्लिप असलेलं, आणि निब बिघडली तर नुसती ओढून काढून दुसरी बसवता येणारं. जगात असंख्य लोकांचं पहिलं गंभीर पेन हेच. पण ते मुळात शाळकरी मुलांसाठी बनवलेलं. मुलांनी पेन नीट धरावं म्हणून त्याच्या मानेला दोन्ही बाजूंनी सपाट खाचा आहेत. बोटं तिथंच बसली पाहिजेत. साडूंची बोटं पस्तीस वर्षांच्या सवयीनं वेगळ्याच ठिकाणी बसत होती. ते अंगठा सरकवायचे, पेन तो परत जागेवर आणायचं. “हे पेन मला शिकवून राहिलं,” ते म्हणाले, आणि त्यांनी ते काउंटरवर असं ठेवलं, जसा ते खाली बदलीचा अर्ज ठेवत असणार.

दुसरं पायलटचं काकुनो. २०१३ साली आलेलं, हेही मुलांसाठी. किंमत हजाराच्या पुढेमागे, आणि लिहायला इतकं गुणी की कैक पट महागडी पेनं शेजारी ओशाळावीत. फक्त त्याच्या निबेवर एक हसरा चेहरा कोरलेला आहे. चेहरा आपल्याकडे असला म्हणजे निब सुलटी आहे, हे मुलाला कळावं म्हणून. साडूंनी चष्मा वर करून त्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा हसत राहिला. निवृत्तीच्या आदल्या दिवसापर्यंत त्यांच्याकडे बघून परवानगीशिवाय कुणी हसलं नव्हतं.

“मोठ्या माणसांचं दाखवा,” ते म्हणाले.

मोठ्या माणसांच्या पेनांच्या निबा सोन्याच्या असतात. दुकानदारानं निळ्या मखमलीचा ट्रे आणला आणि त्याच क्षणी, आतापर्यंत स्टुलावर बसून पावत्या लावत असलेल्या अक्का उठून जवळ आल्या. सोनं हा त्यांचा प्रांत.

“किती कॅरेट?”

“चौदा, मॅडम. हे बघा, ५८५ लिहिलंय. हे दुसरं अठरा. एका जपानी कंपनीचं एकवीस कॅरेटचंही येतं.”

“वजन?”

इथं दुकानदार थांबला. हा प्रश्न पेन घेणारे विचारत नाहीत. निबेत सोनं ग्रॅमभर क्वचितच असतं. साधारण अर्ध्याच्या आसपास, कधी थोडं कमी, कधी थोडं जास्त. अक्कांनी मनातल्या मनात आजचा भाव लावला, चौदा कॅरेटचं प्रमाण काढलं, पेनच्या किमतीतून वजा केलं आणि उरलेला आकडा मोठ्यानं उच्चारला. “एवढी मजुरी? आमचा सोनार पंधरा टक्के म्हणतो तर मी दुकानातून उठून येते.”

या हिशेबापुढे दुकानदाराचं काही चालेना, आणि खरं सांगायचं तर माझंही नाही. सोन्याच्या निबेची गोष्ट अशी, की जुन्या काळची शाई आम्लधर्मी असे. ती लोखंडाची निब खाऊन टाकी; सोन्याला काही करू शकत नसे. म्हणून सोनं. कागदावर घासतं ते टोक तेव्हाही सोन्याचं नव्हतं आणि आताही नसतं. तिथं दुसऱ्याच एका कठीण मिश्रधातूचा मणी डाखलेला असतो. आता शाई सौम्य झाली, स्टेनलेस स्टील आलं, आणि सोन्याचं मूळ काम संपलं. काही निबांना त्यामुळे हातात एक लवचीक मऊपणा येतो, हे खरं. काही सोन्याच्या निबा खिळ्यासारख्या ताठ असतात, हेही खरं. माझं स्वतःचं मत विचाराल तर तीन-चार हजारांपर्यंतचे पैसे लिहिण्यासाठी जातात. त्यापुढचे सोन्यासाठी, घडणीसाठी, आणि खिशातून पेन काढताना समोरच्याचे डोळे जिथं जातात त्या जागेसाठी. या शेवटच्या खर्चाला मी नाक मुरडत नाही. तो फक्त पेनच्या नावावर लिहू नये.

डोळे जाण्याची जागा म्हटली की माँ ब्लाँ आलंच. हॅम्बर्गचं घराणं, १९२४ पासूनचं माइस्टरश्टुक, टोपणावर पांढरी चांदणी आणि निबेवर ४८१० हा आकडा. ही कंपनीचं नाव ज्याच्यावरून आलं त्या माँ ब्लाँ डोंगराची मीटरमधली उंची. डोंगराच्या माथ्यावर बर्फ आहे, ते कमीजास्त होतं. २०२३ च्या मोजणीत शिखर ४८०५.५९ मीटर भरलं. शिखर खाली येतंय, किंमत वर जातेय, आकडा जागचा हलत नाही. प्लॅटिनमवाल्यांनीही आपल्या पेनला ३७७६ असं नाव दिलंय, फुजी पर्वताच्या उंचीवरून. साडू लगेच म्हणाले, की या हिशेबानं नगर जिल्ह्यात कुणी पेन काढलं तर निबेवर १६४६ टाकता येईल, कळसूबाईची उंची. कल्पना वाईट नाही. निदान चढून खात्री करून घेता येते.

याच माँ ब्लाँनं २००९ साली गांधीजींच्या नावानं सोन्याचं पेन काढलं होतं. नग फक्त २४१, कारण दांडीयात्रा तेवढ्या मैलांची. निबेवर काठी घेतलेले गांधी. किंमत अकरा लाखांच्या वर. प्रकरण केरळच्या उच्च न्यायालयात गेलं, आणि २०१० साली कंपनीनं भारतातली विक्री थांबवली. गांधींना स्वतःला पेन वर्ज्य नव्हतं. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी संपूर्ण स्वदेशी फाउंटन पेन बनवून पाठवलं, तेव्हा १९३५ साली वर्ध्याहून त्यांनी आभाराचं पत्र धाडलं होतं. रत्नम पेनं आजही मिळतात, आणि ती घ्यायला जमीन गहाण टाकावी लागत नाही. एका स्वदेशी पेनवर खूश झालेल्या माणसाच्या स्मरणार्थ अकरा लाखांचं जर्मन पेन काढण्याइतका विनोद आम्हा लेखकांना जमत नाही.

मग प्रश्न आला शाई भरण्याचा. लहानपणी हा प्रश्न नव्हता. पेनची मान पिळून उघडायची, ड्रॉपरनं पोटात शाई सोडायची, उरलेली बोटांना पुसायची, बोटं केसांना. आताची पेनं सुधारली आहेत. काहींत तयार शाईचं कार्ट्रिज बसतं, आणि इथं कंपन्यांनी ग्राहकाविरुद्ध एकजूट केलेली दिसते: पायलटचं पायलटलाच, लामीचं लामीलाच, पार्करचं पार्करलाच. शिवाय ‘स्टँडर्ड इंटरनॅशनल’ नावाचं एक आहे, ते या तिघांपैकी कुणालाच बसत नाही. शहाणा माणूस पेनबरोबर कन्व्हर्टर, म्हणजे बाटलीतली शाई ओढून घेणारी नळी, आहे ना एवढं बघतो आणि बाटलीच्या शाईवर जगतो. पेलिकनसारख्या पेनांच्या पोटातच पिस्टन असतो; मागचा गोंडा फिरवायचा, पेन शाई ओढून घेतं. हे सगळ्यांत देखणं, पण साफ करायला बसलं की बेसिनचा रंग दिवसभर जात नाही. टोपण हरवणाऱ्यांसाठी पायलटनं १९६३ सालीच खटका दाबून निब बाहेर काढायचं बिनटोपणाचं पेन काढलं आहे. साडूंनी तो खटका इतका वेळ खटखट केला, की शेवटी दुकानातल्या पोऱ्यानं ते पेन हळूच काढून घेतलं.

अकोल्याच्या माणसाला मात्र भरण्यापेक्षा सुकण्याची काळजी. मे महिन्यात तिथं पारा पंचेचाळीसला टेकतो. शाई बाटलीत सुकते, तिथं पेनचं काय? लिहिता लिहिता विचार करायला थांबलं, की निबेचं टोक कोरडं, आणि आत्मचरित्र लिहिणारा माणूस लिहितो त्यापेक्षा थांबतो जास्त. यावर दुकानदारानं प्लॅटिनमचं ते ३७७६ पुढे केलं. २०११ साली कंपनीनं त्यात सुधारणा केली. टोपणाच्या आत स्प्रिंगवर बसवलेलं आणखी एक छोटं टोपण आहे, ते निबेला घट्ट कोंडून धरतं.

“कंपनीचं म्हणणं आहे, काका, की पेन न वापरता पडून राहिलं तरी दोन वर्षं शाई सुकत नाही.”

मी साडूंकडे पाहिलं. अक्कांनीही पाहिलं. टेबल येऊन तेव्हा सहा महिने झाले होते आणि डायरीत अजून ‘अर्पणपत्रिका’ एवढाच शब्द होता.

“हेच घ्या,” अक्का म्हणाल्या. “तुम्हाला हेच लागेल.”

मजुरीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. उलट पाकीट बांधून होईपर्यंत त्यांनी ते हसऱ्या चेहऱ्याचं काकुनो उचललं, डायरीच्या मागच्या पानावर दूध, पेपर, गॅस, मोलकरीण असा हिशेब झरझर मांडला आणि तेही बिलात धरायला सांगितलं. अक्का प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. अक्षर असं, की हिशेब चुकला असता तरी कुणी बोट ठेवलं नसतं. ते पेन आता रोज चालतं. रोज चालणाऱ्या पेनला ना दुहेरी टोपण लागतं, ना सुकलेली शाई काढायला कोमट पाण्याच्या आंघोळी; शाई येत राहते, संपते, पुन्हा भरली जाते.

साडूंचं पेनही उत्तम आहे. त्यांच्या मते ते अजून हाताला बसायचंय. दुकानदारानं त्यांना सांगितलं होतं, की आजकालच्या निबेचं टोक इतकं कठीण असतं की ते झिजून तुमच्या हाताचं व्हायला वर्षं जातील. तोवर हातच पेनचा होतो. साडूंनी यातला पहिला अर्धा भाग लक्षात ठेवला आहे.

नोव्हेंबरात मी अकोल्याला गेलो होतो. पेन्शनवाल्यांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. साडू इस्त्रीचा सदरा घालून निघाले, खिशाला ३७७६. बँकेत आधीच रांग. सरकारी कागदावर त्या पेनची ती पहिली सही होणार होती, म्हणून त्यांनी घरी सराव केलेला मी पाहिला होता. त्यांचा नंबर आला. काउंटरवरच्या मुलीनं काळं यंत्र पुढे सरकवलं.

“काका, अंगठा.”

साडूंनी खिशाकडे गेलेला हात परत घेतला. अंगठा ठेवला. यंत्रानं तो ओळखला नाही. पुसून परत ठेवायला सांगितलं, कारण त्याला निळी शाई लागली होती.

बाहेर पडताना रांगेतल्या एका बाईंनी अडवलं. “भाऊ, पेन देता का जरा? एवढा फारम भरते.”

सगळी रांग त्यांच्या खिशाच्या सोनेरी क्लिपकडे बघत होती. साडू जराही गडबडले नाहीत. त्यांनी पँटच्या खिशात हात घातला, टोपण चावलेलं एक पाच रुपयांचं बॉलपेन काढलं आणि बाईंच्या हातावर ठेवलं.

“हे द्यायचं पेन,” पायऱ्या उतरताना ते मला म्हणाले. “त्या दुकानदारानंच सांगितलं होतं, सोबत एक ठेवत जा म्हणून. अर्पणपत्रिकासुद्धा मी सध्या त्यानंच लिहून राहिलो. चांगलं चालतं.”

आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की ते परत घ्यायचं राहिलं.